गॅस आला, तरी धूर का जात नाही?

आत्तीच्या घरात गॅस येऊन सात वर्षं झाली. ओट्यावर दोन बर्नरची शेगडी आहे, खाली लाल टाकी आहे, शेगडीवर तिनं स्वतः विणलेलं कापड पसरलेलं असतं. तरी पहाटे साडेपाचला त्या घरात पहिला वास येतो तो चुलीचा. आधी आंघोळीचं पाणी, मग म्हशींचं आंबोण, मग भाकऱ्या. गॅसवर चहा होतो, पाहुणे आले तर पोहे होतात. गाव कोल्हापूर-राधानगरी रस्त्यावरचं. जुलैत जळण वाळता वाळत नाही, आणि सकाळचे दोन तास आढ्यापासून कमरेपर्यंत निळसर थर साचून राहतो.

"आत्ती, गॅस हाय की. मग चूल कशाला?"

"हाय की. पर सैपाक आन् पाच जणांचं पाणी, सगळं गॅसवर करतो म्हटलं तर टाकी पंधरा दिसात संपंल. दुसरी कुठनं आणू?"

आत्तीनं जन्मात बिडी ओढलेली नाही. गेल्या वर्षी तिचा खोकला थांबेना, तेव्हा डॉक्टरांनी नळीत फुंकायला लावून फुप्फुसांची ताकद मोजली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "घरात चूल आहे का?" तेव्हापासून मी या विषयाचं मिळेल ते वाचतो आहे. घराघरांत गॅस पोचवण्याचं मोठं काम आपल्या देशात झालं, पण धुराचा हिशोब थोडा वेगळा चालतो. तो एकदा नीट कळला की आत्तीच्या घरात नेमकं काय बदलायला हवं तेही कळतं.

आधी धूर म्हणजे काय ते बघू. धूर म्हणजे न जळलेलं जळण. लाकूड तापलं की पहिल्यांदा त्यातलं पाणी निघून जातं. मग लाकडातून ज्वलनशील वायू आणि वाफा सुटू लागतात. वाळलेल्या लाकडाच्या वजनाचा सर्वांत मोठा भाग असा वायू होऊन बाहेर पडतो. आपल्याला दिसणारी ज्योत म्हणजे हे वायू जळताना दिसणं. शेवटी उरतो कोळसा, तो इंगळ होऊन धगधगत राहतो. आता त्या वायूंना पुरेशी उष्णता किंवा पुरेशी हवा मिळाली नाही, तर ते न जळताच वर जातात, थंड होतात आणि त्यांचे डांबरासारखे बारीक थेंब आणि काजळीचे कण बनतात. कौलांखालच्या काळ्या जळमटांवर तेच साचलेलं असतं.

फुंकणीनं दोन फुंकर मारल्यावर चूल भक्कन पेट घेते आणि धूर एकदम नाहीसा होतो, हे प्रत्येकानं पाहिलेलं आहे. त्या क्षणी तोच धूर हवा मिळाल्यामुळे ज्योत झालेला असतो. ओलं जळण असेल तर चुलीची बरीचशी उष्णता पाणी आटवण्यात जाते, चुलीचं तोंड गार राहतं आणि वायू न जळता निसटतात. शेणी, म्हणजे शेणाची गोवरी, तर धुमसण्यासाठीच चांगली. मंद, एकसारखी आंच देते, म्हणून दूध तापवायला आणि आंबोण शिजवायला बायकांना ती आवडते. पण मंद आंच म्हणजे अर्धवट ज्वलन, आणि अर्धवट ज्वलन म्हणजे धूर. गॅसचं काम सोपं आहे. तो आधीच वायू असतो आणि बर्नरच्या भोकांतून बाहेर येण्यापूर्वी हवेत मिसळतो, त्यामुळे निळी ज्योत देऊन जवळजवळ पूर्ण जळतो.

डोळ्यांत पाणी आणणारा आणि शरीर पोखरणारा धूर यांत फरक आहे. डोळे झोंबतात ते धुरातल्या काही तिखट वायूंमुळे. खरा घात करणारे कण इतके लहान असतात की त्यांची चाहूलही लागत नाही. अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण, म्हणजे केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या-तिसाव्या भागाएवढे. नाकातले केस आणि घशातला कफ यांना ते सापडत नाहीत. ते फुप्फुसाच्या शेवटच्या फुग्यांपर्यंत जातात, तिथे सूज आणतात, आणि त्या सुजेचा परिणाम रक्तवाहिन्यांवर होतो. म्हणून चुलीच्या धुराचा आजार म्हटला की आपण खोकला समजतो, पण सर्वांत जास्त बळी जातात ते हृदयविकारानं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2020 साली घरातल्या धुरामुळे जगात 32 लाख माणसं गेली. त्यांत हृदयविकाराचे सुमारे 32 टक्के, पक्षाघाताचे 23 टक्के, आणि मग न्यूमोनिया, फुप्फुसांचा जुनाट आजार आणि फुप्फुसाचा कॅन्सर. पाच वर्षांखालची मुलं होती 2 लाख 37 हजार. आजही जगात सुमारे 210 कोटी लोकांचा स्वयंपाक लाकूड, शेण, पिकांचा काडीकचरा, दगडी कोळसा किंवा रॉकेलवर होतो.

फुप्फुसांच्या जुनाट आजाराबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. हा बिडी-सिगारेटवाल्यांचा आजार अशी समजूत डॉक्टरांमध्येही बरीच वर्षं होती. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी 2009 साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात जगभरचे अभ्यास एकत्र मांडले. या आजाराच्या 25 ते 45 टक्के रुग्णांनी आयुष्यात कधीच धूम्रपान केलेलं नव्हतं, असं त्यांतून दिसलं. आत्तीसारख्या बायका त्या टक्क्यांत आहेत. 'दमा लागतो, वय झालं' म्हणून त्या घरीच बसून राहतात.

कुणी म्हणेल, धूर तर साखर कारखान्याची चिमणी कितीतरी जास्त सोडते. बरोबर. पण तो उंचावर सुटतो, वाऱ्यानं पसरतो, आणि त्यातला अगदी नगण्य भाग कुणाच्या तरी छातीत जातो. चुलीचा धूर माणसाच्या तोंडापासून दोन हातांवर सुटतो. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाचे कर्क स्मिथ 2020 साली गेले. 1980च्या सुमारास गुजरातमधल्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर यंत्र लावून त्यांच्या श्वासातला धूर मोजण्याचं काम त्यांनी आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी केलं. घरात सुटलेला एक ग्रॅम धूर बाहेर सुटलेल्या एका ग्रॅमपेक्षा साधारण हजारपट जास्त प्रमाणात माणसाच्या श्वासात जातो, असा ठोकताळा ते मांडत. चूल लहान म्हणून तिचा धूर लहान, असं का म्हणता येत नाही ते या एका ठोकताळ्यावरून कळतं.

आता मुख्य हिशोब. खिडकी नसलेल्या स्वयंपाकघरात चूल पेटलेली असताना हवेच्या एका घनमीटरमागे हजार मायक्रोग्रॅम बारीक कण असणं यात अचाट काही नाही. निरनिराळ्या देशांतल्या मोजमापांत हा आकडा काही शेकड्यांपासून कित्येक हजारांपर्यंत गेलेला आहे. आपण हजारच धरू. दिवसाला तीन तास चूल पेटत असेल तर चोवीस तासांची सरासरी पडते 125. आपल्या देशाची वर्षाची मर्यादा 40 आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेनं 2021 साली घालून दिलेली पातळी फक्त 5.

घरात गॅस आला. डाळ, भात, भाजी गॅसवर गेली. चूल उरली एक तास, पाण्यापुरती आणि भाकरीपुरती. सरासरी झाली 42. म्हणजे दोन-तृतीयांश चूल बंद करूनही घर देशाच्या मर्यादेच्या वरच राहिलं. चूल अर्ध्या तासावर आणली तर 21. रोज फक्त दहा मिनिटं पेटवली तरी 7. आणि यात बाहेरची हवा, शेजारच्या घरची चूल, रस्त्यावरची धूळ काहीच धरलेलं नाही.

आत्तीच्या घराचं कोडं इथे सुटतं. घरात गॅस आहे की नाही यावर धूर ठरत नाही, चूल किती मिनिटं उरली यावर ठरतो. सरकारी पाहणीत विचारलं जातं ते 'मुख्य इंधन कोणतं?' राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019–21च्या फेरीत देशातल्या 58.6 टक्के घरांनी स्वच्छ इंधन सांगितलं, खेड्यांत 43.2 टक्के घरांनी. त्याआधीच्या 2015–16च्या फेरीत देशाचा आकडा 43.8 होता, म्हणजे चार-पाच वर्षांत झालेली वाढ मोठीच आहे. पण 'मुख्य' गॅस आणि 'थोडी' चूल असलेलं घर या मोजणीत स्वच्छ ठरतं.

याहून अवघड एक गोष्ट आहे. धूर निम्मा झाला की आजार निम्मा होतो, असं आपण धरून चालतो. तसं होत नाही. आपल्याकडच्या लोकांना पन्हाळ्याजवळचं मसाईचं पठार माहीत आहे. त्या पठारावर कितीही चाला, उंची फारशी उतरत नाही. कडा आली की मगच उतार लागतो, आणि मग दर पावलाला खाली येता. धूर आणि आजार यांचं नातं, विशेषतः हृदयविकाराच्या बाबतीत, बरंचसं असं आहे. फार धुरातून मध्यम धुरात येणं म्हणजे पठारावरची चाल. खरा उतार अगदी कमी धुराच्या टप्प्यात आहे, आणि तो गाठायचा तर चूल जवळपास पूर्ण विझावी लागते.

ही केवळ कल्पना नाही. ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागात पाचशेवर कुटुंबांपैकी निम्म्यांना धुराडं असलेली लाकडाची चूल दिली गेली. 2011 साली निष्कर्ष आले. मुलांच्या अंगावर येणारा धूर निम्मा झाला होता, पण एकूण न्यूमोनिया खात्रीनं कमी झाला असं म्हणता आलं नाही. गंभीर न्यूमोनिया मात्र सुमारे एक-तृतीयांशानं घटला. मलावी देशात दहा हजारांहून जास्त मुलांच्या घरी पंखा बसवलेली सुधारित चूल देऊन पाहिली. 2017च्या सुमारास छापून आलेल्या निकालात न्यूमोनियात काहीच फरक नव्हता. एक कारण असं सांगितलं गेलं की चूल बदलली तरी भोवतीचा कचरा जळतच होता, इतर धूर होतेच.

मग वाटलं, थेट गॅसच देऊन बघू. तामिळनाडू, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा इथल्या 3,200 गर्भवतींपैकी निम्म्यांना दीड वर्ष गॅस फुकट घरपोच देण्यात आला. चुलीवर राहिलेल्या बायकांच्या श्वासातला बारीक धूर घनमीटरमागे सुमारे 70 मायक्रोग्रॅम होता, गॅस मिळालेल्यांचा सुमारे 24, म्हणजे बायकांनी गॅस खरोखर वापरला. तरीही बाळांच्या जन्मवजनात किंवा न्यूमोनियात लक्षणीय फरक दिसला नाही. हे वाचून मला वाईट वाटलं होतं, लपवण्यात अर्थ नाही. पण बदल गरोदरपणाच्या मध्यात सुरू झाला होता, आणि गावातल्या बाकीच्या घरांच्या चुली पेटतच होत्या. बाईच्या हृदयावर आणि फुप्फुसांवर होणारा परिणाम वीस-तीस वर्षांत साचतो, तो दीड वर्षाच्या प्रयोगात दिसणारही नाही. म्हणून धूर निरुपद्रवी आहे असा अर्थ मी काढत नाही. एका घरानं एकट्यानं बदलून भागत नाही, एवढं मात्र त्यातून शिकलो.

सुधारित चुलींचा आपला अनुभवही आठवायला हवा. 1980च्या दशकात सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात 2002 पर्यंत देशभर सुमारे साडेतीन कोटी चुली बसवल्या गेल्या. त्यांपैकी किती टिकल्या हे आपल्या गावांत फिरून कुणालाही कळेल. ओडिशात रेमा हॅना, एस्थर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन यांनी चार वर्षं पाठपुरावा केला, तेव्हा पहिल्या वर्षी बायकांच्या छातीत जाणारा धूर कमी झालेला आढळला आणि पुढे तो फायदा विरून गेला. चुली तडकल्या, धुराडी साफ झाली नाहीत, वापर घटला. धुराड्याची दुसरीही मर्यादा आहे. ते धूर घराबाहेर टाकतं, नाहीसा करत नाही. वाडीत घराला घर लागून असेल तर आपला धूर शेजारच्या सोप्यात जातो.

मग चूल का विझत नाही? पैसा हे पहिलं कारण. उज्ज्वला योजना 1 मे 2016 रोजी बलियात सुरू झाली आणि तिनं जोडणीचा खर्च उचलला. पण पुढची टाकी भरायला एकदम रोख लागते. जळण मात्र शेताच्या बांधावरून येतं, त्याला लागते ती बाईची मेहनत, आणि तिचा कुणी हिशोब धरत नाही. इंडोनेशियानं 2007 पासून रॉकेलवरून गॅसकडे जाताना तीन किलोच्या लहान टाक्या दिल्या आणि पाच कोटींहून जास्त घरं बदलली. थोडे पैसे, थोडा गॅस. आपल्याकडेही पाच किलोची टाकी मिळते, पण तिची माहिती फार कमी घरांना आहे. टाकी कधी मागवायची हे घरात बहुतेक पुरुष ठरवतो आणि धूर बाई खाते, हेही एक कारण आहे.

कोल्हापूरकडे माझ्या मते पाणी हे सर्वांत मोठं कारण आहे. स्वयंपाकाच्या धुराबद्दल बोलताना आंघोळीचं पाणी कुणी धरतच नाही. शहरातल्या पेठांतही परसात तांब्याचा बंब दिसतो. त्यात चिपाडं, शेणी, कणसाची बुरकुंडं, कधी प्लॅस्टिकही जातं. बंबाला धुराडं असतं, पण तेवढं की धूर बरोबर माणसाच्या तोंडाच्या उंचीवर येतो. म्हणून घरातला धूर कमी करायचा तर मी सुरुवात पाण्यापासून करीन. वीस लिटर पाणी वीस अंशांवरून पंचेचाळीसपर्यंत तापवायला विजेचं साधारण 0.6 युनिट लागतं. पाच माणसांचे तीन युनिट. हे काम सौर बंबावर गेलं तर वर्षातले आठ महिने तेही लागत नाही. पावसाळ्याचे ढगाळ महिने विजेवर काढावे लागतात, आणि जुन्या घरात अर्थिंग बघूनच हीटर लावावा. भाकरीपेक्षा पाणी चुलीवरून हलवणं सोपं आहे, कारण पाण्याला चव नसते.

आपल्या जिल्ह्याची दुसरी ताकद म्हणजे दूध. ज्या दारात म्हशी आहेत त्या दारात गोबरगॅस हे सर्वांत चांगलं उत्तर आहे. चार-पाच जनावरांचं रोजचं सुमारे 50 किलो शेण दोन घनमीटर गॅस देतं. नीट चालला तर महिन्याला दीड टाकीचं काम होतं. शेणी थापून जाळली की त्यातला नत्र धुराबरोबर जातो. गोबरगॅसमधून निघालेली स्लरी उसाला घालता येते आणि नत्र शेतात राहतो. जुन्या लोखंडी टाक्यांच्या संयंत्रांचा काहींना वाईट अनुभव आहे, टाकी गंजली की दुरुस्तीला कुणी आलं नाही. जमिनीखालच्या दीनबंधू पद्धतीच्या घुमटाला गंज लागत नाही, पण बांधणारा गवंडी जाणता हवा. शेणाचं एक मोल मात्र कोल्हापूरकरांना वेगळंच माहीत आहे: होळी लहान करून पंचगंगेच्या स्मशानभूमीला शेणी दान करण्याची इथली रीत मला फार मोलाची वाटते.

विजेची इंडक्शन शेगडी तिसरा मार्ग. गॅसच्या ज्योतीची चाळीस-पंचेचाळीस टक्के उष्णता भांड्याच्या बाजूनं निसटते, इंडक्शनची फार थोडी. एका 14.2 किलोच्या टाकीचं काम साधारण 115 ते 125 युनिटांत होतं. तुमच्या बिलातला दर घालून बघा. भारनियमन असलेल्या गावात ती एकटी पुरणार नाही.

चूल राहणारच असेल तर ती घराच्या आत नसावी. परड्यात, वर पत्रा टाकून, तिन्ही बाजू मोकळ्या. जळण वर्षभर आधी फोडून छपराखाली ठेवलं आणि शेणींचा हुडवा, म्हणजे रचलेला ढीग, मेच्या आत शाकारला तर जुलैतला धूर निश्चित कमी होतो. डाळ भिजवून कुकरला लावली तर आंच कमी वेळ लागते. यांतलं काहीही पठाराची कडा गाठून देणार नाही, पण डोळे आणि पोरांचे घसे वाचतील.

बाळंतिणीच्या खोलीबद्दल मात्र मला तडजोड करवत नाही. दारं-खिडक्या बंद करून खाटेखाली शेगडी, त्यावर ओवा आणि बाळंतशेपा, आणि बाळाला धुरी. यामागे माया आहे, ऊब देण्याची इच्छा आहे. पण इंगळांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि तो रक्तातल्या प्राणवायूची जागा घेतो. बंद खोलीत त्यानं माणसं झोपेतच गेल्याच्या बातम्या दर थंडीत येतात. नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या फुप्फुसांची वाढ अजून व्हायची असते. ऊब दुलईनं, टोपड्यानं, आईच्या अंगाशी धरून देता येते.

दिवाळीत आत्तीच्या न्हाणीत हीटर बसला. आंबोणाची चूल परड्यात गेली, म्हशींच्या गोठ्याशेजारी. आत उरली ती भाकरीची चूल, सकाळी वीस मिनिटं. त्या वीस मिनिटांचं गणित मी तिला सांगितलं, तिनं ऐकून घेतलं.

"गॅसवरच्या भाकरीला पापुद्रा सुटत न्हाई रं," ती म्हणाली.

गेल्या आठवड्यात गेलो तेव्हा वहिनी जाड लोखंडी तवा गॅसवर ठेवून भाकरी उलटत होती आणि ज्योतीवर जाळी धरून फुगवत होती. तिसरी फुगली. आत्तीनं ती हातात घेतली, वरचा पापुद्रा बोटानं उचलून बघितला, आणि चौथी करायला काठवट आपल्याकडे ओढली.